भुकेचं ऐकून घेणं

ईस्टरआधीचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, आपल्याला विचारून येत नाही. एरवीचे संकल्प आपण आपल्या सोयीने करतो आणि सोयीनेच पुढे ढकलतो. लेंटची तारीख मात्र चंद्राच्या हाती असते. सगळ्या ख्रिस्तसभेने ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, एकाच रविवारी पाळावा, असं ३२५ साली निकेया इथे भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने ठरवलं. पुढे रूढ झालेला हिशोब असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा ईस्टर आणि त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस. म्हणून तो कधी ४ फेब्रुवारीलाच येऊन उभा राहतो, तर कधी १० मार्चपर्यंत लांबतो. आपलं मन त्या वेळी भरलेलं असेल, कोरडं असेल, कुणावर रुसून बसलेलं असेल. तो दिवस त्याच्यासाठी थांबत नाही.

मला यात फार मोठा दिलासा वाटतो. मनाची तयारी झाली की देवाकडे वळू, असं म्हटलं तर ती सकाळ कुणाच्याच आयुष्यात उजाडायची नाही. इथे हाक आधी येते, तयारी मागाहून होते. शिवाय ही हाक एकट्याला आलेली नसते. ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत अशी असंख्य माणसं त्याच बुधवारी रांगेत उभी राहतात, कपाळावर राख लावून घेतात आणि एकच वाक्य ऐकून माघारी फिरतात: ‘तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील.’ कुठे त्याऐवजी मार्कच्या शुभवर्तमानातलं वाक्य उच्चारतात: ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा.’ ती राख आदल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. ‘होसान्ना’च्या गजरात ज्या झावळ्या उंच धरल्या, त्याच वर्षभराने आपल्या कपाळावर येतात.

४६ दिवसांत ६ रविवार येतात. ते उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा सण आहे. लेंटमधला रविवारही त्याला अपवाद नाही. उरतात ते ४०. नोहाच्या काळचा पाऊस ४० दिवस पडला, मोशे सीनाय पर्वतावर ४० दिवस राहिला, एलिया होरेबकडे ४० दिवस चालला, निनवेला सावरायला ४० दिवसांची मुदत मिळाली. पण उपवासकाळाचं खरं मूळ रानातल्या येशूपाशी आहे, आणि मला तिथेच जरा जास्त वेळ थांबायचं आहे.

मार्कने हा सगळा प्रसंग दोन वचनांत संपवला आहे. आत्म्याने येशूला रानात घालवलं, तिथे तो ४० दिवस होता, सैतानाने त्याची परीक्षा पाहिली, वनपशू सोबतीला होते आणि देवदूत त्याची सेवा करत होते. बस्स. मत्तय आणि लूक यांनी मात्र आतलं संभाषण सांगितलं आहे. मला वर्षानुवर्षं खिळवून ठेवणारी गोष्ट मत्तयाच्या क्रमात आहे. ४० दिवस उपवास केल्यावर येशूला भूक लागली आणि मग परीक्षक त्याच्याजवळ आला. म्हणजे उपवासाने येशूभोवती तटबंदी उभी राहिली नव्हती, उलट तो अगदी उघडा पडला होता. परीक्षा आली ती त्या उघड्या जागेवरच.

उपवास केला की आपण आतून मजबूत होऊ, अशी आपली समजूत असते. रानातली ही कथा वेगळंच सांगते. उपवासाने माणूस आधी दुबळा होतो आणि त्या दुबळेपणात त्याच्यापुढे प्रश्न येतो, की आता तू कुणाच्या आधाराने उभा राहणार? दगडांच्या भाकरी करून दाखव, हे पहिलं आमिष. भूक खरी होती, भाकरी खाण्यात पापही नव्हतं. पण जी शक्ती दुसऱ्यांसाठी मिळाली होती ती आधी स्वतःसाठी वापर, असा त्यामागचा डाव होता. पुढे याच येशूने हजारोंना भाकरी वाटल्या. दुसऱ्या आमिषात मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायची होती, म्हणजे देव सांभाळतो की नाही ते तपासून पाहायचं होतं. तिसऱ्यात जगातली सगळी राज्यं एका नमस्काराच्या बदल्यात मिळणार होती. तिन्ही वेळा येशू आपलं स्वतःचं असं काही बोलत नाही. तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत. इस्राएल लोक ४० वर्षं रानात भटकले, कुरकुरले, चुकले आणि सांभाळले गेले, त्याची आठवण जपणारं हे पुस्तक. ‘मनुष्य केवळ भाकरीने नव्हे तर परमेश्वराच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगेल.’ भुकेच्या घडीला त्याच्या तोंडी आलं ते आधीपासून आत साठवलेलं होतं. लेंटमध्ये शास्त्रवाचनावर इतका भर का, हे मला या प्रसंगाने जितकं समजावलं तितकं कुठल्याच प्रवचनाने समजावलं नाही.

आणि लूक शेवटी एक सावध करणारी ओळ लिहितो: सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. कायमचा गेला, असं लूक म्हणत नाही.

आता नियमांविषयी थोडं. आजच्या कॅथलिक नियमानुसार कडक उपवासाचे दिवस दोनच आहेत, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). १८ वर्षं पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षं पूर्ण होईपर्यंत तो सगळ्यांना लागू आहे; दिवसातून एकदा पोटभर जेवायचं आणि दोनदा थोडंसं खायचं. शुक्रवारी मांसाहार टाळायचा. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत संपूर्ण महाउपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. प्रोटेस्टंट घरांत कुठे उपवासकाळ मनोभावे पाळतात, कुठे मुळीच पाळत नाहीत. १५२२ साली झुरिकमध्ये एका छापखानदाराच्या घरी उपवासकाळात सॉसेज खाल्ले गेले, तिथला धर्मोपदेशक झ्विंग्ली याने खाणाऱ्यांची बाजू घेतली आणि त्यातून तिथल्या धर्मसुधारणेला तोंड फुटलं. नियमाने तारण मिळत नाही, हे झ्विंग्लीचं म्हणणं मला मान्य आहे. पण नियम सुटला म्हणून माणूस आपोआप मोकळा होत नाही, हेही मी आजूबाजूला रोज पाहते.

कारण भूक काही फक्त पोटाची नसते. मी गेली काही वर्षं उपवासकाळात सकाळचा पहिला तास मोबाईलला हात लावत नाही. ऐकायला ही अगदी छोटी गोष्ट आहे. पण त्या तासात जे वर येतं ते छोटं नसतं. कुणी आपली आठवण काढली का, कुणी आपल्याला दाद दिली का, आपल्यावाचून जगाचं काही अडलं का, हे विचारणारी एक भूक तिथे जागी असते. ती रोजच असते. एरवी तिला लगेच काहीतरी चारलं जातं म्हणून तिचा आवाज ऐकू येत नाही. चारणं थांबवलं की ती बोलू लागते. उपवासाचं मुख्य काम मला हेच वाटतं. आपल्यावर राज्य कोण करतं ते कळायचं असेल, तर त्या राज्यकर्त्याचा कर एकदा थकवून पाहावा.

हे सुरुवातीच्या आठवड्यात सुसह्य असतं, नवेपणाचा उत्साह सोबत असतो. कठीण जातो तो मधला काळ. राखेचा दिवस मागे पडलेला, ईस्टर अजून दूर, आणि आपण घेतलेलं व्रत अचानक निरर्थक वाटू लागतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस नावाच्या संन्याशाने या अवस्थेचं जे वर्णन केलं आहे ते आजही जसंच्या तसं पटतं. भर दुपारी येणारा हा विचार संन्याशाला पटवतो की सूर्य जागचा हललाच नाही आणि दिवस ५० तासांचा झाला आहे. मग तो पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, कोठडीबाहेर डोकावतो, कुणी भेटायला येतंय का ते पाहतो. आपली जागा चुकली, आपली माणसं चुकली, दुसरीकडे कुठे गेलो तर देव लवकर सापडेल, असं त्याला वाटायला लागतं. त्यावर एवाग्रियसचं औषध साधं आहे: उठून जाऊ नकोस. बसून राहा, जे ठरवलंय ते करत राहा. यातून पार पडल्यावर मनाला शांती आणि अवर्णनीय आनंद मिळतो, असंही तो सांगतो.

‘बसून राहा’ हा सल्ला मिळमिळीत वाटेल. पण मला तो उपवासकाळाचा गाभा वाटतो. प्रार्थनेत काही जाणवत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, आणि तरी आपण ठरलेल्या वेळी तिथे जाऊन बसतो. अशा दिवसांत आपल्या भावनांचं बळ संपलेलं असतं, म्हणून निष्ठा निखळ होते. ज्या प्रार्थनेतून मला काहीच मिळालं नाही असं वाटलं, त्यातल्या कित्येक प्रार्थनांनी मला नंतर कठीण प्रसंगात सांभाळलं आहे. ख्रिस्तसभेलाही हा मधला शीण ठाऊक असावा, कारण चौथ्या रविवारी ती जांभळा रंग उतरवून गुलाबी वस्त्रं घालू देते. थोडा श्वास घ्या, सण जवळ आलाय, एवढाच त्या रंगाचा निरोप.

शिस्तीची गोष्ट निघाली की मला सहाव्या शतकातले संत बेनेडिक्ट आठवतात. त्यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचं ४९वं प्रकरण उपवासकाळाबद्दल आहे. संन्याशाचं सगळं आयुष्यच लेंटसारखं असायला हवं, असं ते सुरुवातीला म्हणतात आणि लगेच पुढे कबूल करतात की एवढी ताकद फार थोड्यांपाशी असते. म्हणून निदान या दिवसांत तरी आपलं जगणं स्वच्छ ठेवावं. हे वाचताना मला त्यांची माणसांविषयीची माया जाणवते. (जवळजवळ हजार वर्षांनी, १५१७ साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी आपल्या ९५ सूत्रांतल्या पहिल्याच सूत्रात म्हटलं, की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी ख्रिस्ताची इच्छा आहे. एरवी एवढे दूर गेलेले दोन प्रवाह इथे एकाच काठाला लागतात.)

बेनेडिक्ट पुढे सांगतात, की खाणं, पिणं, झोप, बोलणं, थट्टामस्करी यांतलं काहीतरी प्रत्येकाने आपल्या इच्छेने कमी करावं आणि ते पवित्र आत्म्याच्या आनंदाने अर्पण करावं. त्या छोट्याशा प्रकरणात आनंदाचा उल्लेख दोनदा येतो; दुसऱ्यांदा ते आध्यात्मिक ओढीच्या आनंदाने ईस्टरची वाट पाहायला सांगतात. त्यानंतर एक अट येते: आपण काय सोडणार ते मठाधिपतीला सांगून, त्यांच्या परवानगीने सोडावं. परवानगीवाचून केलेली तपश्चर्या देवाच्या खाती जमा होत नाही, ती अहंकाराच्या खाती जाते, अशा अर्थाचं ते लिहितात.

ही अट मला सुरुवातीला खटकायची. राखेच्या बुधवारी वाचतात त्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू तर सांगतो, की उपवास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, गुप्त ठिकाणी असणाऱ्या पित्याशिवाय कुणाला कळू देऊ नको. मग मठाधिपतीला कशाला सांगायचं? आता मला वाटतं, दोन्हींचा रोख एकाच शत्रूवर आहे. जगाला सांगितलं तर मिरवणं होतं, आणि कुणालाच सांगितलं नाही तर माणूस स्वतःच्याच डोळ्यांपुढे मिरवू लागतो. ज्याला आपलं खरं रूप ठाऊक आहे अशा एकाच व्यक्तीला सांगावं. ती व्यक्ती कधी म्हणते, ‘तुला हे झेपायचं नाही.’ कधी म्हणते, ‘हे तुला फारच सोपं आहे, तू बहिणीशी बोलायला लाग.’ स्वतःसाठी औषध स्वतः निवडलं की आपण सहसा गोड औषध निवडतो.

बेनेडिक्टांची आणखी एक सूचना मला अतिशय आवडते. उपवासकाळ सुरू होताना प्रत्येकाला ग्रंथालयातून एकेक पुस्तक द्यावं आणि त्याने ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचावं. आवडेल तेवढंच वाचून बाकीचं सोडायचं नाही. कंटाळवाणं पान आलं तरी त्यातून जायचं. या वर्षी मी बायबलमधला यिर्मयाचा ग्रंथ घेतला आहे आणि त्याच्या काही अध्यायांतून अक्षरशः रेटत पुढे जाते आहे.

पण हे सगळं पाळून माणूस कोरडा, कडवट झाला तर? तशी माणसं असतात. त्यांचा उपवास घरातल्या सगळ्यांना सोसावा लागतो. या धोक्यावर इजिप्तच्याच वाळवंटातली एक गोष्ट आहे. स्केटिस इथल्या संन्याशांच्या वस्तीत एकदा ठरलं, की हा आठवडा सगळ्यांनी उपवास करायचा. नेमके त्याच वेळी अब्बा (म्हणजे बाबा) मोशे यांच्याकडे दुरून काही बंधू भेटायला आले. हे मोशे पूर्वायुष्यात दरोडेखोर होते असं सांगतात. त्यांनी पाहुण्यांसाठी चूल पेटवली आणि थोडं अन्न शिजवलं. शेजाऱ्यांनी धूर पाहिला आणि वडीलधाऱ्यांकडे जाऊन तक्रार केली, की मोशेने आज्ञा मोडली. शनिवारी सगळे जमले. मोशेंचं जगणं जवळून पाहिलेले ते वडीलधारे सर्वांसमक्ष म्हणाले, ‘अब्बा मोशे, तुम्ही माणसांची आज्ञा मोडली आणि देवाची पाळली.’

उपवासकाळाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर मी ही सांगेन. शिस्त प्रेमाच्या घरची चाकर आहे. तिने मालकीण व्हायचं नाही. दारात माणूस आला की चूल पेटवायची, आणि तो गेल्यावर पुन्हा उपवासाला बसायचं. मोशेंनी उपवास कायमचा सोडला, असं गोष्ट सांगत नाही. आणि धूर पाहून तक्रार करायला गेलेले शेजारी नियमाप्रमाणे उपवासच करत होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

३८७ साली रोमन साम्राज्यातल्या अंत्युखिया शहरात धर्मगुरू जॉन क्रिसोस्तम यांनी हेच जास्त धारदार शब्दांत सांगितलं. शहरात करावरून दंगल झाली होती, सम्राट थिओडोसियसचे पुतळे पाडले गेले होते, आणि शिक्षेच्या भीतीने सगळं शहर गर्भगळीत झालं होतं. त्या उपवासकाळातल्या प्रवचनांत त्यांनी लोकांना बजावलं, की फक्त तोंडाने उपवास करू नका. डोळ्यांनी, कानांनी, हातापायांनी करा. पक्ष्यांचं आणि माशांचं मांस वर्ज्य करायचं आणि आपल्या भावाचे मात्र लचके तोडायचे, याला काय अर्थ? त्याच्याही कितीतरी आधी यशया संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या ५८व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास कोणता ते सांगून ठेवलं होतं: अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्या अन्नातला वाटा देणं, निराश्रिताला घरात घेणं. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही तिन्ही एकत्र सांगितली जातात ती याचसाठी. आपण जे खाल्लं नाही ते कुणाच्या तरी ताटात पोचलं पाहिजे. नाहीतर ती नुसती बचत झाली.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये महाउपवासाची सुरुवातच क्षमेच्या रविवारी होते. त्या संध्याकाळी उपासनेनंतर धर्मगुरूंपासून लहान मुलांपर्यंत प्रत्येक जण दुसऱ्यापुढे वाकून क्षमा मागतो आणि क्षमा करतो. मग उपवासाच्या दिवसांत ते सीरियन संत एफ्राईम यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रार्थना साष्टांग नमस्कार घालत म्हणतात. आळस, खिन्नता, सत्तेचा लोभ आणि वायफळ बडबड यांचा आत्मा माझ्यापासून दूर ठेव, असं त्यात मागणं आहे. आणि शेवटी, मला माझे दोष दिसू देत आणि मी माझ्या भावाचा न्याय करू नये असं कर. ही प्रार्थना मी ज्या परंपरेत वाढले तिची नाही, तरी ती मला पाठ झाली आहे. सत्तेच्या लोभाशेजारीच बडबड ठेवणाऱ्याला माणूस नीट कळला होता.

नूतनीकरण हा शब्द आपण या काळात बऱ्याचदा ऐकतो. आपण घासूनपुसून स्वतःला नवं करायचं, असा त्याचा अर्थ मी घेत नाही. ५१व्या स्तोत्रात दावीद विनवतो, ‘हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर.’ हृदय आपल्याला घडवता आलं असतं तर मागायची वेळच आली नसती. आरंभीच्या शतकांत बाप्तिस्मा घेणारे उमेदवार ईस्टरच्या आदल्या रात्रीसाठी याच आठवड्यांत तयार होत, आणि ज्यांच्या हातून मोठा अपराध घडला होता ते सभेत परत घेतले जाण्याची वाट पाहत. बाकीची मंडळीही त्यांच्याबरोबर उपवास करत. आजही ईस्टरच्या जागरणविधीत नवा अग्नी पेटवतात, मेणबत्त्या लावतात आणि सर्वांना बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा विचारतात: सैतानाचा त्याग करता का? देवावर विश्वास ठेवता का? ४० दिवस भुकेचं ऐकल्यावर या प्रश्नांना दिलेलं ‘होय’ जरा अडखळत येतं, आणि मला ते तसंच खरं वाटतं.

क्रिसोस्तमच्याच नावाने ओळखलं जाणारं एक प्रवचन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्या रात्री वाचतात. पहिल्या तासाला आलेले आणि अकराव्या तासाला आलेले, उपवास केलेले आणि न केलेले, सगळ्यांनी आज आनंद करा, ताट भरलेलं आहे, कुणी उपाशी जाऊ नका, असं ते सांगतं. मनापासून उपवास केलेल्याला हे ऐकून राग येत नाही, आनंदच होतो.

आणि मग ईस्टरचा काळ येतो, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत ५० दिवसांचा, म्हणजे उपवासकाळाहून मोठा. त्यासाठी आपण फारशी तयारी करत नाही, हे मला अलीकडे खटकू लागलं आहे. सोडायचं काय ते आपण आठवडाभर आधी ठरवतो. आनंद कसा पाळायचा ते कुणी ठरवत नाही, आणि सोमवारी सकाळी सगळं पूर्ववत सुरू होतं. यंदा मी ज्यांना सांगून उपवास धरला, त्यांनाच याबद्दलही विचारणार आहे. मोबाईलशिवायचा सकाळचा तास मला पुढेही ठेवायचा आहे, पण त्या तासात आता कुणाला पत्र लिहावं, कुणाला भेटायला जावं, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.